हिवाळ्यातील मैदानी व्यायाम : समज आणि गैरसमज

दिवाळी आटोपली की नागपुरात व्यायामाचे दोन पंथ दिसू लागतात. पहिला पंथ पहाटे साडेचारला उठून काळोखात मैदान गाठणाऱ्यांचा. दुसरा पंथ "थंडी जाऊ द्या, मग बघू" असे म्हणत दुलई डोक्यावरून ओढून घेणाऱ्यांचा. पहिल्या पंथात पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली असतात आणि डॉक्टरांनी नुकतीच 'शुगर' सांगितल्यामुळे धास्तावलेले काही गृहस्थ असतात. उरलेला समाज दुसऱ्या पंथात मोडतो. या दोन्ही पंथांचे थोडे थोडे चुकते. थंडीला भिऊन घरात बसणे जसे प्रकृतीला अपायकारक, तसेच थंडीची काहीच दखल न घेणेही अपायकारक. आपल्या समाजाच्या बाबतीत तर या दुसऱ्या चुकीला एक वेगळेच, गंभीर कारण आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

विदर्भातल्या माणसाला खरे तर हिवाळ्याला नाक मुरडण्याचा अधिकारच नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठनंतर घराबाहेर पडणे म्हणजे ऊन लागून घेणे. पावसाळ्यात मैदानावर चिखल आणि डास. म्हणजे मोकळ्या हवेत मनसोक्त हालचाल करण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चारच महिने आपल्या वाट्याला येतात. शाळांची क्रीडासंमेलने याच दिवसांत होतात, कबड्डी, खो-खो आणि आपल्या भागातील आट्यापाट्या याच दिवसांत रंगतात, त्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. आपले स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. उन्हाळ्यात ही उष्णता शरीराला डोईजड होते. हिवाळ्यात मात्र तीच आपली फुकटातली शेगडी. हुडहुडी भरते तेव्हा शरीर याच युक्तीचा वापर करते. स्नायू आपोआप थरथरू लागतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. चालणारा किंवा धावणारा माणूस तेच काम राजीखुशीने करतो, एवढाच काय तो फरक. पहिली पाच-सात मिनिटे थंडी वाजते, मग ती कुठे गेली ते कळतही नाही, हा अनुभव प्रत्येकाला आहे.

किती व्यायाम पुरेसा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी. मुलांनी व किशोरवयीनांनी रोज सरासरी ६० मिनिटे खेळावे-पळावे. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. बँकेत आकड्यांशी गाठ असल्यामुळे मी याचा सरळ हिशेब मांडतो : आठवड्यातील पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणे. भरभर म्हणजे किती? सोबतच्या माणसाशी बोलता आले पाहिजे. पण चालता चालता आरामात गाणे म्हणता येत असेल, तर ते चालणे नसून रमतगमत फिरणे आहे, असे समजावे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हा सारा उपदेश खुर्चीवर बसून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी आहे. पहाटे रस्ते झाडणाऱ्या आपल्या भगिनींना, कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बायकांना किंवा रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देत ओलात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला 'हिवाळ्यात बाहेर पडा, हालचाल करा' असे सांगणे म्हणजे थट्टाच होय. त्यांची हालचाल गरजेपेक्षा जास्तच होते. त्यांना हवे ते संरक्षण : पायात गमबूट, कान-नाक झाकायला कापड, कोरडे कपडे आणि वेळेवर गरम जेवण. आपल्या घरात असे कोणी असेल, तर या लेखातला कपड्यांविषयीचा भाग त्यांना अवश्य वाचून दाखवावा.

आता थंडीचा थोडा परिचय करून घेऊ. हिमालयात बर्फ पडते, त्यानंतर उत्तरेकडून कोरडे गार वारे वाहू लागतात, आकाश निरभ्र होते आणि आपल्याकडे पारा झपाट्याने उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर गेले होते. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक घसरले असेल, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर बाकीचा हिशेब न पाहताच लाट मानली जाते. वर्तमानपत्रात असा इशारा आला की म्हाताऱ्या माणसांनी व आजाऱ्यांनी दोन-तीन दिवस पहाटेचे फिरणे बंद ठेवून दुपारी बाहेर पडावे. यात काही कमीपणा नाही.

दिवसातील सर्वांत थंड वेळ कोणती? मध्यरात्र, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सूर्य मावळल्यापासून जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि सूर्य उगवून तापू लागेपर्यंत ती गारच होत जाते. म्हणून सूर्योदयाच्या सुमारासच पारा सर्वांत खाली असतो. डिसेंबरअखेर नागपुरात पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे साडेपाच ते सात ही ज्या वेळी आपण मोठ्या निष्ठेने फिरायला निघतो, ती नेमकी दिवसातली सर्वांत गार वेळ आहे.

शिवाय दुसरा तोटा आहे तो हवेचा. एरवी जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि धूर-धूळ सोबत नेते. हिवाळ्याच्या पहाटे याच्या उलट स्थिती असते. खालची हवा गार व जड, तिच्यावर किंचित उबदार हवेचे झाकण. या झाकणाखाली वाहनांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर कोंडून राहतो. तलावाकाठी किंवा वस्तीवर पहाटे जो निळसर थर तरंगताना दिसतो, त्यात धुक्यापेक्षा धूरच पुष्कळदा जास्त असतो. 'पहाटेची शुद्ध हवा' हा वाक्प्रचार ज्या काळात तयार झाला, त्या काळात रस्त्यावर एवढी वाहने नव्हती! दम्याच्या रोग्याने तर अशा हवेत धावू नये. सूर्य वर येऊन तास-दीड तास झाला की हे झाकण हळूहळू विरते. म्हणून नोकरीची घाई नसलेल्या ज्येष्ठ मंडळींनी आठनंतर बाहेर पडावे, हे उत्तम. ज्यांना दहाला कामावर हजर व्हायचे आहे, त्यांनी निदान सूर्य दिसल्यावर निघावे आणि मोठा रस्ता सोडून झाडी असलेला आतला रस्ता धरावा.

कोवळ्या उन्हाविषयीचाही एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. कोवळे ऊन अंगाला छान वाटते, उब देते, हे खरे. पण त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फारच थोडे असतात. सूर्य तिरपा असला की ते किरण वातावरणातच अडकतात. एक सोपी खूण सांगतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा ते किरण पुरेसे मिळतात. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नागपुरात भर दुपारी बाराच्या सुमारासही आपली सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढीच असते. म्हणजे या दिवसांत 'ड' जीवनसत्त्वासाठी अकरा ते एकचे ऊनच कामाचे. दिवसभर कार्यालयात किंवा स्वयंपाकघरात असणाऱ्यांनी डबा खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे उन्हात शतपावली करावी. आमच्या शाखेतले काही सहकारी हे करतात व बाकीचे त्यांना हसतात. हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

आता कपड्यांविषयी. एकच जाडजूड स्वेटर किंवा कोट घालून व्यायामाला जाणे ही सर्वत्र दिसणारी चूक. दहा मिनिटांत घाम सुटतो, आतले बनियन ओले होते, थांबले की तोच घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि मग सर्दी-पडसे झाले म्हणून व्यायामाला दोष. त्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. उब कपड्यात नसते, कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. अंग तापले की वरचा कपडा काढून कमरेला बांधता येतो, थांबल्यावर पुन्हा घालता येतो. परतल्यावर ओले बनियन अंगावर ठेवून चहा पीत बसू नये. आधी ते बदलावे.

कपड्यांच्या थरांचा हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात याविषयी एक प्रसंग आलेला आहे. प्रवासात काही भिक्खू डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी लादून चाललेले तथागतांना दिसले. चीवरांना काही मर्यादा घालून द्यावी, असे त्यांच्या मनात आले. पण मर्यादा किती? वैशालीला गोतमक चैत्यात मुक्काम असताना, ऐन हिमपाताच्या दिवसांत, ते रात्री उघड्यावर एकच चीवर पांघरून बसले. पहिला प्रहर सरला तेव्हा थंडी वाजू लागली, म्हणून दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरला तेव्हा तिसरे आणि शेवटचा प्रहर सरून पूर्वेला उजाडू लागले तेव्हा चौथे. थंडीला भिणाऱ्या नाजूक प्रकृतीच्या माणसाचाही तीन चीवरांत निभाव लागेल, असे त्यांनी ठरवले आणि तीन चीवरांची अनुज्ञा दिली. त्यातली संघाटी मात्र दुहेरी कापडाची. नियम करण्यापूर्वी तो स्वतःच्या अंगावर पडताळून पाहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि थंडी पहाटेच्या सुमारास सर्वांत कडक होते, याचीही नोंद त्यात आपोआप आलेली आहे. चालण्याविषयीही असेच. चंक्रमणाचे जे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत, त्यांत लांबचा प्रवास सोसण्याची ताकद, निरोगीपणा आणि खाल्लेल्या अन्नाचे नीट पचन हे तीन अगदी शरीराचे आहेत.

कानटोपीबद्दल दोन शब्द. अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते, असे म्हटले जाते. ते खरे नाही. शरीराच्या एकूण पृष्ठभागात डोक्याचा वाटा जेवढा, साधारण तेवढीच उष्णता त्यातून जाते. तरीही कान आणि बोटे यांना थंडी लवकर बाधते, म्हणून कान झाकावेत, हे बरोबरच आहे. त्याहून महत्त्वाचे नाक. नाकातून आत जाणारी हवा गरम आणि ओलसर होऊन फुफ्फुसात पोहोचते. तोंडाने धापा टाकत कोरडी गार हवा आत घेतली की श्वासनलिका आकसतात, खोकला येतो, छाती घरघरते. नाका-तोंडावरून सैलसा रुमाल किंवा मफलर घेतला, तर श्वास पुष्कळ सुसह्य होतो. दमेकऱ्यांनी पंप सोबत ठेवावा व व्यायामाआधी तो घ्यायचा की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चालले की डोळ्यांची नजर सुधारते, हाही असाच एक समज आहे. बागेत सकाळी चपला हातात घेऊन फिरणारी मंडळी पाहावयास मिळतात. नजर त्याने सुधारत नाही. मधुमेही माणसाला तर हा प्रकार महागात पडू शकतो. बऱ्याच मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. काच किंवा काटा टोचला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. त्याच कारणाने त्यांनी शेकोटीजवळ पाय धरून किंवा गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये. कातडी भाजली तरी जाग येत नाही. मोजे आणि बंद बूट, हेच त्यांचे औषध.

नोव्हेंबर महिना आला की आमच्या काउंटरसमोर निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाईलवरही देता येतो, तरी पुष्कळ जण स्वतः येणेच पसंत करतात. वर्षभराने भेट होत असल्यामुळे कोण कसा चालतो, ते लगेच ध्यानात येते. रोज फिरणारे गृहस्थ पंचाहत्तरीतही ताठ उभे असतात आणि घराबाहेर न पडणारे पासष्टीलाच काउंटरची कड धरतात. अर्थात यात प्रत्येकाच्या आजाराचा, गरिबीचा आणि नशिबाने मिळालेल्या गुडघ्यांचाही भाग आहे, हे विसरून चालणार नाही. या मंडळींसाठी एक सूचना कळकळीची आहे. थंड हवा लागली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी जास्त येतात आणि थंडीच्या महिन्यांत जास्त येतात, असे अनेक देशांत आढळून आले आहे. म्हणून अंथरुणातून उठून थेट गार हवेत झपझप चालू लागू नये. घरातच दहा मिनिटे हातपाय हलवावेत, खांदे फिरवावेत, कोमट पाणी प्यावे आणि बाहेर पडल्यावरही पहिली पाच मिनिटे सावकाश चालावे. रक्तदाबाच्या गोळ्या हिवाळ्यात मनाने बंद करू नयेत. चालताना छातीवर दडपण आले, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, एवढ्या थंडीतही दरदरून घाम फुटला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून घरी जाऊन पडू नये. तेथेच बसावे आणि कोणाला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करावयास सांगावे.

आता ज्या विषयासाठी मी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला, त्याकडे वळतो.

विद्यार्थी मित्रहो, पोलीस शिपाई भरतीसाठी मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. ५० गुणांची ही चाचणी. यात एक-दोन गुणांनी नशीब फिरते, म्हणून तुम्ही डिसेंबरच्या पहाटे उपाशीपोटी मैदानावर उतरता. त्या जिद्दीला माझा मनापासून सलाम आहे. पण आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. ही गोष्ट घरात कुजबुजत बोलली जाते, मैदानावर तर कोणी उच्चारतच नाही.

हा आजार काय आहे? रक्तातील तांबड्या पेशी निरोगी माणसात गोल आणि लवचिक असतात, त्यामुळे त्या बारीकात बारीक नलिकेतून सहज सरकतात. सिकलसेलमध्ये पेशीतील रंगद्रव्य सदोष असते. प्राणवायू सोडल्यानंतर त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची व कडक होते. अशा पेशी अडकून रक्तप्रवाह तुंबतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. हे केव्हा घडते? शरीरातले पाणी कमी झाले, अतिश्रम झाले, ताप आला किंवा अंग अचानक गार पडले की घडते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो आणि अडकणे सोपे होते. त्यात हिवाळ्यात तहान लागत नाही, पण लघवीला वारंवार जावे लागते. म्हणजे पाणी बाहेर जाते आणि आत मात्र येत नाही. उपाशीपोटी, तहानलेल्या अंगाने, गार पहाटे जीव तोडून धावणे म्हणजे या आजाराला आवतण देणे होय.

आमच्या शेजारच्या वस्तीत असेच घडले. भरतीची तयारी करणारा एक मुलगा. लहानपणापासून त्याचे हातपाय दुखत. घरच्यांना आजार ठाऊक होता, पण सोबतच्या मुलांना कळू नये म्हणून त्याने कोणालाच सांगितले नव्हते. डिसेंबरात पहाटे फेऱ्या मारल्या आणि घामेजल्या अंगाने मैदानाच्या नळावर गार पाण्याने अंघोळ केली. दुपारपर्यंत त्याला पाय टाकता येईना. आठवडाभर दवाखान्यात सलाईनवर राहावे लागले. तो बरा झाला, ही समाधानाची बाब. आता तो अभ्यासावर भर देऊन दुसऱ्या परीक्षांची तयारी करतो, संध्याकाळी मुलांना कबड्डीचे पंच म्हणून शिट्टीही वाजवतो. सिकलसेलचा रुग्ण खेळू शकत नाही, घरातच कोंडून ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. ऊन पडल्यावर, उबदार कपड्यांत, थांबत थांबत, पाणी पीत चालणे व हलके खेळ खेळणे बहुतेकांना जमते, फक्त त्याची मर्यादा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. गार पाण्यात पोहणे, गार पाण्याची अंघोळ, दम कोंडेपर्यंत धावणे हे टाळावे. वेदना सुरू होताच थांबावे. सोबतच्या एका तरी मित्राला आजाराची कल्पना द्यावी.

जे केवळ वाहक आहेत, म्हणजे ज्यांच्यात आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला आहे, ते सामान्यतः निरोगी आयुष्य जगतात आणि धावूही शकतात. पण सराव नसताना एकदम जोर लावला, पाणी प्यायले नाही, तर क्वचित त्यांनाही कोसळण्याचा धोका संभवतो. त्यांनी रोज थोडे थोडे अंतर व वेग वाढवावा. पाय दुखून गळू लागले, तर 'मुलगा असून रडतोस काय?' असे ओरडणाऱ्या प्रशिक्षकाकडे दुर्लक्ष करून बसावे.

आपण वाहक आहोत की रुग्ण, हे कळणार कसे? रक्ताच्या साध्या तपासणीने. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते. देशपातळीवर १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे योजले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. भरतीचा अर्ज भरण्याआधी ही एक तपासणी करून घ्या, असे माझे सर्व विद्यार्थ्यांना सांगणे आहे. लग्न ठरवतानाही ती हवी, कारण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

निरोगी विद्यार्थ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. थंड स्नायू ताठ असतात, एकदम वेगात धावले तर मांडीचा मागचा स्नायू हमखास धरतो. आधी पाच मिनिटे चालणे, मग मंद धावणे, गुडघे वर घेणे, खांदे-कंबर फिरवणे आणि मगच घड्याळ लावून फेरी. उभ्या उभ्या ताणून धरण्याचे व्यायाम नंतर, अंग गरम असताना करावेत. निघण्यापूर्वी एक पेला पाणी आणि एखादे केळे किंवा भिजवलेले चणे, परतल्यावर पुन्हा पाणी. नाश्त्याला महागडी पावडर नको. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, शेंगदाणे, गूळ, अंडी, याच दिवसांत स्वस्त मिळणारी संत्री आणि हिरवी भाजी एवढे पुरते. अंधारात रस्त्यावरून धावू नये. धुक्यात गाडीवाल्याला काळा टी-शर्ट दिसत नाही. पांढरा किंवा पिवळा सदरा घालावा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे.

महिलांच्या व्यायामाविषयी आपण पुरुष मंडळी लेख लिहितो, पण सकाळचा चहा आपल्याला अंथरुणातच हवा असतो. सकाळी पाणी, डबे, मुलांची शाळा यांतून सुटका नाही आणि अंधारात एकटीने बाहेर पडणे सुरक्षित नाही. तेव्हा त्यांच्यासाठी दुपारी तीन ते पाच ही वेळ हिवाळ्यात उत्तम असते. हवा स्वच्छ असते, ऊन सोसवते आणि साडेपाचच्या सुमारास दिवस मावळण्याआधी परतता येते. चार-पाच जणींनी मिळून निघावे. विहाराचे आवार मोकळे असेल, तर तेथे दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो यांना कोणाची हरकत असू नये. साडीतही चालता येते, फक्त पायात स्लिपर नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत.

शेकोटीबद्दलही लिहिले पाहिजे. काटक्या-गोवऱ्यांची शेकोटी करून गप्पा मारणे हे हिवाळ्यातले एक सुख आहे, ते मी कोणाकडून हिरावून घेऊ इच्छित नाही. पण तीत टायर, प्लास्टिक टाकू नये. त्याचा धूर विषारी असतो. पेटलेल्या कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवून झोपू नये. तीतून निघणाऱ्या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. 'थोडी घेतली की थंडी पळते' हेही तितकेच घातक. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून उब आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जाते आणि शुद्ध हरपलेला माणूस उघड्यावर गारठतो.

शेवटी प्रवासाबद्दल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपल्यापैकी कित्येक जण जातात. दादरला डिसेंबरात आपल्यासारखी थंडी नसते. नागपूरहून चढवलेले जाड स्वेटर तेथे हातात वागवावे लागतात, म्हणून पातळ कपडे व एक चादर पुरे. भीमा कोरेगावची गोष्ट निराळी. पुणे परिसरात त्या दिवसांत पहाटे पारा १० ते १२ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतो. त्यात नदीकाठचा वारा आणि उघडे रान. जमिनीचा गारठा वरच्या हवेपेक्षा अधिक बाधतो, तेव्हा पांघरायला दोन कांबळी असतील तर त्यांतले एक खाली अंथरावे आणि त्याखाली ताडपत्री किंवा प्लास्टिकचे कापड टाकावे. बसमध्ये रात्रभर पाय लोंबते ठेवून बसावे लागते, त्याने पाय सुजतात. गाडी थांबेल तेथे उतरून पाच मिनिटे चालावे. म्हातारी माणसे, लहान मुले आणि सिकलसेलचे रुग्ण सोबत असतील, तर थर्मासमध्ये गरम पाणी, जादा मोज्यांचा एक जोड आणि नेहमीच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत, हाताशी ठेवाव्यात. टपावरच्या सामानात बांधलेली पिशवी ऐनवेळी सापडत नाही.